स्टाफ समाधानी आहे, फक्त टिकत नाही

फ्लोअरवाला
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका मोठ्या सुपरमार्केटात मी डिपार्टमेंट मॅनेजर आहे. कुठल्या ते विचारू नका. किराणा आणि डेअरी माझ्याकडे.

आमच्याकडे दरवर्षी हेड ऑफिसातून स्टाफच्या समाधानाचा फॉर्म येतो. 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो', 'माझे वरिष्ठ माझं ऐकून घेतात' अशी वाक्यं आणि पुढे एक ते पाच आकडे. यंदा माझ्या डिपार्टमेंटला जवळजवळ सगळीकडे पाच पडले. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. आणि त्याच महिन्यात, पाच देणाऱ्यांपैकीच तिघं सोडून गेली. एक डिलिव्हरीला लागला, एक सातपूरला कंपनीत हेल्पर म्हणून, आणि एक मुलगी नुसतीच घरी बसली म्हणतात.

पगार कमी आहे हे मलाही कळतं, तो वाढवणं माझ्या हातात नाही. पण सातपूरच्या हेल्परलाही काही घबाड मिळत नाही. मग जातात का? इथे कुणी दुकानात, मॉलमध्ये, शोरूममध्ये काम केलं असेल किंवा घरातलं कुणी करत असेल तर खरं काय ते लिहा.

खडीसाखर
फॉर्म भरताना तुम्ही कुठे उभे होतात?

फ्लोअरवाला
टॅब माझ्याच हातात होता.

खडीसाखर
मग काय, मिटलं. धागा बंद करा.

बोरकूट
बंद नका करू, मी आत्ताच चहा टाकून बसलोय.

कॅशवरची
मी ठाण्यात एका चेनमध्ये कॅशवर होते. आता बँकेच्या कॉल सेंटरला आहे. पगारासाठी कुणी सोडत नाही असं मी म्हणणार नाही, पण मी सोडायचं ठरवलं त्याचा पगाराशी संबंध नव्हता.

महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळ, सगळे काउंटर चालू. मला बाथरूमला जायचं होतं. काउंटर सोडायचा तर सुपरवायझरनं येऊन तो लॉक करावा लागतो, आणि सुपरवायझर पलीकडे कुणाच्या तरी रिफंडमध्ये अडकलेला. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "आम्ही काय तुमची वाट बघत उभं राहायचं का?" तशीच बिलं करत राहिले. कॅशवरच्या मुली ड्यूटीवर पाणी पीत नाहीत. तुमच्याकडच्या पितात का, एकदा बघा.

मग रात्री निघताना बॅग तपासणं. लाखांत कॅश मोजून द्यायची आणि पाच मिनिटांनी गेटवर डब्याचं झाकण उघडून दाखवायचं. नियम सगळ्यांना सारखा म्हणे. मॅनेजरची लॅपटॉप बॅग उघडलेली मी तरी कधी पाहिली नाही.

आणि कॅश शॉर्ट. पन्नास कमी आले तर माझ्या पगारातून, पन्नास जास्त आले तर कंपनीच्या खात्यात.

मिरजेचा_व्यापारी
मॉलचं राहू द्या. माझं सांगलीत गणपती पेठेत दुकान आहे, किराणा आणि सुका मेवा. पोरगं दोन महिने टिकत नाही. दुपारी जेवायला म्हणून जातं ते पाचला उगवतं, हातात मोबाईल. बोललं की दुसऱ्या दिवसापासून येत नाही. समाधान वगैरे नंतरची गोष्ट, आधी काम करायची तयारी तर पाहिजे की नको?

माझ्याकडे एक माणूस वडिलांच्या काळापासून आहे. बसायला स्टूल आहे, दोन वेळा चहा आहे, लागली तर उचल आहे. त्याच्या पोरीच्या लग्नात मी उभा होतो. त्याला विचारा समाधानी आहेस का म्हणून. फॉर्म लागत नाही.

कॅशवरची
काका, त्यांचा पीएफ भरता का?

मिरजेचा_व्यापारी
सहा माणसं आहेत माझ्याकडे. लागू होत नाही.

कायदेकानू
बरोबर आहे त्यांचं. पीएफ सर्वसाधारणपणे २० माणसांपासून, ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, १० पासून.

@कॅशवरची, शॉर्टची रक्कम अशी परस्पर कापता येत नाही. नुकसान त्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळेच झालंय हे दिसायला हवं आणि कापण्याआधी तिला तिची बाजू मांडू द्यायला हवी. १९३६ च्या वेतन कायद्यापासून हेच आहे. महिनाअखेरीला पगारपत्रकात 'इतर कपात' म्हणून एक आकडा टाकणं म्हणजे बाजू मांडू देणं नव्हे.

खडीसाखर
@मिरजेचा_व्यापारी, उचल ही सवलत म्हणून सांगताय, पण ती फिटेपर्यंत माणूस जाणार कुठे? टिकला म्हणून समाधानी, असं कसं धरायचं?

मिरजेचा_व्यापारी
ताई, तुम्ही एक दिवस गल्ल्यावर बसून बघा. मग बोलू.

गादीवरचा
मिरजेच्या साहेबांचं मला थोडं पटतं आणि थोडं नाही. आयुष्य पुण्यात लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात गेलं, आता घरीच असतो. आम्ही शिकलो तेव्हा दुकानात पांढरी गादी असायची. गिऱ्हाईकही बसलेलं आणि आम्हीही बसलेले. इरकल कुठली, नारायणपेठ कुठली, महेश्वरी कुठली हे डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगता यायला वर्ष-दीड वर्ष जायचं. तोवर नुसत्या घड्या घालायच्या. शिव्या खाऊन घड्या घालायच्या! पण एकदा यायला लागलं की मालकसुद्धा मोठं गिऱ्हाईक आलं की आमच्याकडे बघायचा. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी "तेच काका आहेत का?" म्हणून विचारायची. आजीचा शालू मी दाखवलेला, नातीची पैठणीही मीच. ते समाधान होतं, खोटं कशाला सांगू.

हातात कागद मात्र एक नाही. पीएफ नाही, पेन्शन नाही, मालकानं निघताना जे दिलं ते त्याच्या मर्जीनं. चांगलं दिलं, पण मर्जीनंच. तरी मुलाला मी दुकानात येऊ दिलं नाही.

पुढे नूतनीकरणात गादी गेली, काचेची काउंटरं आली आणि आमचं बसणं गेलं. गिऱ्हाईकाला खुर्ची, आम्हाला फरशी. पायाच्या शिरा फुगल्या त्या तेव्हापासून.

बोरकूट
लक्ष्मी रोडवर दुपारी एक ते चार समाधान कंपल्सरी होतं ते नाही सांगितलंत काका. (गंमत करतोय, दिवा घ्या.)

गादीवरचा
ते मालकाला. आम्ही त्या वेळात आतल्या खोलीत स्टॉक लावायचो.

श्टुटगार्टकर
बसण्यावरून आठवलं. इथे जर्मनीत सुपरमार्केटचे कॅशियर सरसकट बसून काम करतात. आई आली होती तेव्हा तिला त्याचंच नवल. आणि स्पीड बघाल तर आपलं सामान पिशवीत भरून होत नाही तोवर त्यांचं पुढचं बिल निम्मं झालेलं असतं. बसलं की आळस येतो हे कुणी काढलं कुणास ठाऊक.

रविवारी दुकानं बंद. पहिल्या वर्षी चिडचिड झाली, घरात दूध नाही म्हणून. आता वाटतं, काउंटरवरच्या माणसालाही रविवार आहे. आणखी एक, दुकानात विक्रेता होणं हे इथे रीतसर शिकायचं काम आहे. दोन वर्षांचं प्रशिक्षण, तिसरं वर्ष केलं की वरची पदविका, प्रशिक्षणात पगार. सगळं गोड आहे असं नाही, पार्ट टाइमवाल्यांचे हाल इथेही आहेत.

एचआर_बिचारा
जर्मनीचं ऐकून आमच्या साहेबांना चक्कर येईल.

मी रिटेलच्याच एचआरमध्ये आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. @फ्लोअरवाला, त्या फॉर्मचा स्कोअर बऱ्याच ठिकाणी स्टोअर मॅनेजरच्या वार्षिक रेटिंगला जोडलेला असतो. त्यामुळे स्टोअर मॅनेजर तुम्हाला सांगतो, तुम्ही टॅब हातात घेऊन फिरता आणि पोरं पाच दाबतात. कुणी तीन दाबलं तर 'काय रे, काय प्रॉब्लेम आहे?' म्हणून त्यालाच केबिनमध्ये बोलावतात. एकदा एकाला बोलावलं की पुढची दहा वर्षं पाचच.

दुसरं म्हणजे रोस्टर, कुणाची ड्यूटी आणि सुटी कधी ते. पूर्वी १९४८ च्या दुकान कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकानच बंद असायचं, त्यामुळे सुटी कधी हा प्रश्नच नव्हता. २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा आल्यावर दुकानं ३६५ दिवस चालू ठेवता येतात, साप्ताहिक सुटी पाळीपाळीनं. कागदावर सुटी आहेच. पण ती मंगळवारी येते, पुढच्या आठवड्यात गुरुवारी, दिवाळीच्या आठवड्यात 'बघू नंतर'. मित्राचं लग्न, भावाचा साखरपुडा, गावची जत्रा, सगळं शनिवार-रविवारी किंवा सणाला असतं आणि नेमकं तेव्हाच आमचं टार्गेट. पंचविशीच्या पोराला वर्षभर एकाही लग्नाला जाता आलं नाही तर तो काय समाधानी राहणार? डिलिव्हरीवाला निदान ॲप बंद करून जातो तरी. पैसे बुडतात, पण विचारावं लागत नाही.

कायदेकानू
या २०१७ च्या कायद्यात आणखीही आहे, कुणाला माहीत नसतं म्हणून लिहितो. सलग काही तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, वरच्या तासांना दुप्पट दर. वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी आणि आठ सणांच्या सुट्या पगारी. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि घरी पोचवायची सोय. दिवसाला नऊ तास होते, सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दहा करायला मंजुरी दिली.

बसण्याचं म्हणाल तर कारखान्यांसाठी १९४८ पासून तरतूद आहे, उभ्यानं काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसायची सोय हवी म्हणून. दुकानांसाठी केरळनं २०१८ मध्ये केली. त्यामागे कोझिकोडच्या विजी आणि त्यांच्यासोबतच्या कापड दुकानांतल्या बायका होत्या, कित्येक वर्षं लढल्या. तमिळनाडूनं २०२१ मध्ये केली.

कॅशवरची
साडेनऊनंतरची संमती म्हणजे जॉइनिंगच्या दिवशी सह्या केलेल्या गठ्ठ्यातला एक कागद. कुणी वाचून दाखवला नव्हता.

कराडची_पोर
सगळे रडतच आहेत म्हणून लिहिते. मी हडपसरला कपड्यांच्या शोरूममध्ये आहे. बारावीनंतर गावात दोनच पर्याय होते, त्यातला एक लग्न. मावशीच्या ओळखीनं इथे लागले. साडेतेरा हजार हातात येतात. पहिल्या पगारातून आईला मिक्सर घेतला, बाबांना सांगितलं नाही कितीचा ते. पैसे माझ्या खात्यात येतात, कार्ड माझ्याकडे आहे. याला समाधान नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आधी मला अनोळखी माणसाशी बोलायला भीती वाटायची. आता समोरून बाई चालत आली की साइज सांगते. पुतळ्यांना कपडे घालायचं काम कुणाला आवडत नव्हतं, मी मागून घेतलं. एरिया मॅनेजर आले तेव्हा त्यांनी फोटो काढून दुसऱ्या स्टोअर्सना पाठवला. मला कुणी सांगितलं नाही, दुसऱ्या स्टोअरमधल्या मैत्रिणीनं सांगितलं. ते सरांनी मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

वाईट म्हणजे रविवारची रात्र. ट्रायल रूममधून कपड्यांचे ढीग येतात, शर्टला लिपस्टिक लागलेली असते, आणि सगळ्याच्या घड्या घालून टॅग लावून मग निघायचं. शेवटची बस चुकते. रिक्षाचे पैसे कोण देणार?

बोरकूट
आजपासून मी ट्रायल रूममधले कपडे हँगरला लावून परत देणार. जाहीर प्रतिज्ञा.

खडीसाखर
आणि मागचं दूध काढणारे कोण इथे? खरं सांगा.

बोरकूट
मी. हात खांद्यापर्यंत आत घालून.

फ्लोअरवाला
अहो नका ना! जुन्या तारखेचं मुद्दाम पुढे लावतो, ते मागे ढकलून तुम्ही मागचं नेता आणि पुढचं एक्स्पायर होतं. मग त्याचा जबाब डेअरीच्या पोरानं द्यायचा.

श्टुटगार्टकर
जागतिक समस्या आहे. इथेही हात खांद्यापर्यंत.

ट्रेवाला
मी अंधेरीत डार्क स्टोअरला पिकर आहे, म्हणजे फक्त ऑनलाइन ऑर्डरींच्या गोदामात सामान गोळा करून देतो. आधी मॉलमध्ये होतो. मला विचाराल तर गिऱ्हाईक नाही हेच मोठं सुख. 'ए, शुक शुक, हे कितीला?' नाही. कॅरीबॅगवरून भांडण नाही. मोबाईल नंबर मागितला की 'कशाला पाहिजे?' नाही. आता त्यांचंही बरोबर असतं, सरकारनंच २०२३ मध्ये दुकानांना सांगितलंय की नंबरची सक्ती करू नका. पण आमच्या मशीनवर नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे जात नव्हतं, मी काय करणार?

इथे त्रास वेगळा. हातातल्या मशीनवर सेकंद पळत असतात. ऑर्डर आली, धावा, भरा, द्या. दिवसभरात कुणाशी एक वाक्य बोलणं होत नाही. मॉलमध्ये एक आजोबा यायचे, रोज दोनच गोष्टी घ्यायचे आणि माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. तेवढं आठवतं.

पगारपत्रक
कराडच्या ताई, हातात साडेतेरा म्हणजे कापून किती? स्लिप बघता का? माझ्या बहिणीचे अशाच दुकानात महिन्याला २०० व्यवसाय कर म्हणून जात होते.

कायदेकानू
परत मागा. महाराष्ट्रात २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही. पुरुषांना १०,००० च्या वर २००, फेब्रुवारीत ३००. ईएसआयसी पाऊण टक्का, म्हणजे १४,००० वर १०५ रुपये. ते कापू द्या, आईवडील अवलंबून असतील तर त्यांच्याही दवाखान्याला उपयोगी पडतं. फक्त कार्ड काढून घ्या, पैसे कापतात आणि कार्डच देत नाहीत अशी उदाहरणं भरपूर.

कराडची_पोर
कार्ड आहे की नाही तेच माहीत नाही. उद्या विचारते. आम्ही एजन्सीच्या पेरोलवर आहोत, शोरूमवाले म्हणतात एजन्सीला विचारा आणि एजन्सीवाला फोन उचलत नाही.

एचआर_बिचारा
ईएसआयसी कार्डासाठी एजन्सीची वाट बघू नका. पोर्टलवर तुमचा विमा क्रमांक टाकून ई-पहचान कार्ड स्वतः काढता येतं. क्रमांक पगाराच्या स्लिपवर असतो.

मिरजेचा_व्यापारी
बघा, एवढ्या मोठ्या कंपन्या आणि पोरीनं विचारायचं कुणाला तेच ठरलेलं नाही. माझ्याकडे निदान मी समोर असतो.

खडीसाखर
हे मात्र मान्य, काका.

फ्लोअरवाला
सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. मधल्या काळात सोडून गेलेल्या तिघांना फोन केले. डिलिव्हरीवाला हसला आणि म्हणाला, सर आता काय विचारता. सातपूरवाला म्हणाला, तिथे शिफ्ट महिन्याची ठरलेली असते आणि रविवार सुटी असते, बाकी काम इथल्यापेक्षा जडच आहे.

घरी बसलेली मुलगी घरी बसलेली नाहीये. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतेय, तिची संपर्क सत्रं रविवारी असतात. दोनदा रविवारची सुटी मागितली होती, तिला 'रविवार सोडून बोल' असं उत्तर मिळालं होतं. परीक्षा जवळ आली तशी तिनं राजीनामा दिला. फॉर्ममध्ये तिनंही पाचच दिले होते. का, विचारलं तर म्हणाली, "सर, त्यात रविवारचा प्रश्नच नव्हता."

पगार, पेरोल, गेटवरची तपासणी यातलं माझ्या हातात काही नाही. गेटचं स्टोअर मॅनेजरकडे बोलून बघतो. माझ्या हातात दोनच गोष्टी दिसतात. कॅशवर नाही, पण डेअरीच्या मागच्या बाजूला, जिथे तारखा तपासायच्या असतात, तिथे दोन स्टुलं ठेवली तर कुणाला दिसणार नाहीत. आणि रोस्टर. सध्या आम्ही शनिवारी रात्री ग्रुपवर टाकतो, सोमवारपासून लागू.

कॅशवरची
शनिवारी रात्री? मग सोमवारचं काही ठरवायचं कसं? निदान आठवडाभर आधी टाका.

एचआर_बिचारा
आठवडा नाही जमणार त्यांना. गर्दीचा अंदाज सिस्टीममधून गुरुवारी येतो, त्यावर रोस्टर बसवतात.

फ्लोअरवाला
हो, तोच घोळ आहे. गुरुवारी रात्री टाकता येईल.

कॅशवरची
चालेल, पण टाकल्यावर बदलू नका. तुम्ही शुक्रवारी एक फोन करता, 'अगं रविवारी ये ना, दोघी नाहीयेत', तिथेच सगळं मोडतं.

कराडची_पोर
आणि बदलायचंच असेल तर ग्रुपवर विचारा, कोण येतंय म्हणून. त्या दिवसाचे दुप्पट मिळाले तर मीच येईन.

फ्लोअरवाला
दुप्पटचं स्टोअर मॅनेजरला लेखी विचारतो, कायदेकानूंनी लिहिलंय ते जोडून. काय उत्तर येतं ते इथे टाकेन.

बोरकूट
स्टुलांचा फोटोपण टाका.